मामा, भाऊ आणि तात्या

2024 सालची भाऊबीज 3 नोव्हेंबरला झाली आणि दुसऱ्याच दिवशी विधानसभेचे अर्ज मागे घ्यायची मुदत संपत होती. इंदापूर तालुक्याची ती दिवाळी फराळापेक्षा फोनवरच गेली. कोण बसणार, कोण अडून राहणार, कुणाची समजूत काढायला रात्री कुणाची गाडी गेली, याच्यापुढे दुसरा विषय नव्हता. एका बाजूला दत्तात्रय भरणे, म्हणजे तालुक्याचे मामा. दुसऱ्या बाजूला हर्षवर्धन पाटील, म्हणजे कार्यकर्त्यांचे भाऊ. शिवाय अपक्ष प्रवीण माने कुणाची मतं खाणार हा हिशेब होताच. माघारीनंतरच्या दिवशी, 5 तारखेच्या मंगळवारी, अमेरिकेत राष्ट्राध्यक्षपदाचं मतदान झालं. बुधवारी दुपारी आपल्याकडे जेवणं उरकत होती तेव्हा डोनाल्ड ट्रम्प फ्लोरिडात विजयाच्या भाषणाला उभे राहिलेले होते.

लोणी देवकर हे गाव पुणे–सोलापूर महामार्गावर, भिगवण आणि इंदापूरच्या दरम्यान. जवळच औद्योगिक वसाहत, उत्तरेला उजनी धरणाचं पाणी, रस्त्यावर दिवसरात्र ट्रक. अशा गावात बातमी कधी उशिरा येत नाही. त्या बुधवारी संध्याकाळपर्यंत प्रत्येकाच्या मोबाईलवर एकच मजकूर वेगवेगळ्या फोटोंसह फिरत होता: तात्या आला.

ट्रम्पना ‘तात्या’ कुणी केलं याचा छडा लावणं अवघड आहे. मराठी समाजमाध्यमांवर त्यांच्या पहिल्या कारकिर्दीतच हे बारसं झालं आणि नाव चिकटलं. का चिकटलं हे कळायला मात्र आमच्या भागातली एखादी ग्रामसभा बघितली की पुरे. तिथे एक तात्या असतोच. माईक हातात आला की सोडत नाही. गावातली प्रत्येक विहीर, प्रत्येक बंधारा आपणच केला असं ठासून सांगतो. विरोधकाला नावं ठेवताना त्याच्या चालण्याची नक्कल करतो. लोक हसतात आणि त्याला मतही देतात, कारण हा बाबा निदान तोंडावर बोलतो. कमला हॅरिस यांना ‘ताई’ म्हटलं गेलं, पण ते उपचारापुरतं. त्यांची नक्कल कुणाला जमली नाही. प्रचारात माणसाची नक्कल जमत नसेल तर तो उमेदवार घराघरांत पोचलेला नसतो, हा इथला जुना अनुभव आहे, आणि मला तो वाहिन्यांवरच्या विश्लेषणापेक्षा खरा वाटतो.

या भागाचं अमेरिकन निवडणुकीशी नातं 2020 मध्ये जास्त घट्ट झालं, ते बारामतीमुळे. 18 ऑक्टोबर 2019 ला साताऱ्यात बारामतीचे शरद पवार भर पावसात भिजत बोलले आणि तिथल्या लोकसभा पोटनिवडणुकीत श्रीनिवास पाटील यांनी उदयनराजेंना हरवलं. वर्षभरानं, ऑक्टोबर 2020 च्या अखेरीस, फ्लोरिडातल्या टॅम्पा इथे जो बायडेन यांच्या सभेत पाऊस आला आणि ते भिजत बोलत राहिले. झालं. इकडे दोन्ही फोटो शेजारी शेजारी लावून निकाल जाहीर झाला. भिजला तो निवडून आला, हा सिद्धांत बारामती-इंदापुरातल्या कट्ट्यांवर इतका पक्का झाला की मतमोजणी रेंगाळली तरी कुणी डळमळलं नाही. बायडेन जिंकलेही. फक्त ज्या फ्लोरिडात ते भिजले, ते राज्य मात्र ट्रम्पकडेच गेलं. हा तपशील त्या काळात कुणी पुढे पाठवला नाही.

त्याआधीची, 2016 ची गंमत वेगळीच. ट्रम्प पहिल्यांदा निवडून आले तेव्हा इंदापूर तालुक्याला त्याचा पत्ताच लागला नाही म्हटलं तरी चालेल. 8 नोव्हेंबर 2016. अमेरिकेत मतदान सुरू होतं त्या वेळी, आपल्या रात्री आठला, पंतप्रधानांनी पाचशे आणि हजाराच्या नोटा बंद केल्या. 9 तारखेला जगभर ट्रम्प, ट्रम्प चाललं होतं आणि इथे लोक गहू-ज्वारीच्या कणग्यांत, साड्यांच्या घड्यांत, देव्हाऱ्यामागे ठेवलेल्या नोटा शोधून मोजत होते. पुढच्या आठवड्यात जिल्हा मध्यवर्ती बँकांना जुन्या नोटा घ्यायला मनाई झाली. उसाचं बिल, दुधाचा पगार, सोसायटीचं कर्ज, सगळं ज्या बँकेतून चालतं तिचाच दरवाजा बंद. जगातला सगळ्यात मोठा निकाल म्हणतात तो गावाच्या लेखी आपल्या तिजोरीपुढे किती लहान होतो, याचं यापेक्षा स्वच्छ उदाहरण मला माहीत नाही.

त्या निकालातली एक गोष्ट मात्र गावानं नंतर चटकन समजून घेतली, पुण्या-मुंबईच्या सुशिक्षितांपेक्षाही चटकन. हिलरी क्लिंटन यांना देशभरात 28 लाखांहून जास्त मतं अधिक मिळाली आणि तरी त्या हरल्या. हे कसं? शहरात हे सांगायला तक्ते लागतात. इथे सरपंचाचं उदाहरण पुरतं. 2017 मध्ये राज्य सरकारनं सरपंच थेट जनतेतून निवडायचं ठरवलं, 2020 मध्ये पुढच्या सरकारनं ते रद्द करून पुन्हा सदस्यांकडे दिलं, 2022 मध्ये पुन्हा थेट. सरपंच सदस्यांनी निवडायचा म्हटला की गावात मतं कुणाला जास्त पडली याला किंमत राहत नाही, वॉर्ड किती हातात आहेत ते महत्त्वाचं. मग सहलीला कुणाला कुठे नेऊन ठेवायचं तेही आलं. अमेरिकेचा राष्ट्राध्यक्ष 538 निर्वाचकांनी निवडलेला असतो, हे ऐकल्यावर इथला पहिला प्रश्न असतो की त्या 538 जणांना कुठल्या रिसॉर्टवर ठेवतात. 2024 मध्ये ट्रम्पना त्यातले 312 मिळाले आणि एकूण मतंही जास्त, त्यामुळे 2016 सारखा पेच उरला नाही.

आणखी एक माहिती ऐकून वयस्कर शेतकरी खूश होतात. अमेरिकेचं मतदान नोव्हेंबरातल्या मंगळवारीच का? कायदा 1845 चा आहे. तेव्हा तिकडचा बहुतेक मतदार शेतकरी होता. नोव्हेंबरपर्यंत सुगी उरकलेली, रस्ते अजून बर्फात गेलेले नाहीत. रविवारी चर्च. घोडागाडीनं मतदानाच्या गावी पोचायला एक दिवस लागायचा, तो सोमवार. बुधवारी बाजार. उरला मंगळवार. म्हणजे त्या देशाचं राजकारण अजूनही पावणेदोनशेहून जास्त वर्षांपूर्वीच्या आठवडी बाजारावर बेतलेलं आहे.

कमला हॅरिस हरल्या त्यावर बायकांची प्रतिक्रिया पुरुषांहून निराळी होती आणि ती कुठे छापून आली नाही. तमिळनाडूतल्या तुलसेंद्रपुरम् या त्यांच्या आजोळच्या गावी देवळात अभिषेक झाले, ते टीव्हीवर सगळ्यांनी पाहिलं. पण बारामती लोकसभा मतदारसंघानं त्याच वर्षीच्या मे महिन्यात सुप्रिया सुळे आणि सुनेत्रा पवार अशी नणंद-भावजयीची लढत अंगावर काढली होती. कुणीही जिंको, खासदार बाईच होणार होती. गावोगाव निम्म्या जागा बायकांना आहेत. प्रतिभाताई पाटील राष्ट्रपती झाल्या त्याला 2007 पासून किती वर्षं लोटली. अशा भागातल्या बाईला अमेरिकेत आजवर एकही बाई राष्ट्राध्यक्ष झाली नाही हे सांगितलं की तिच्या चेहऱ्यावर सहानुभूती येते, आणि थोडं हसूही. सरपंचबाईच्या खुर्चीवर तिचा नवराच बसतो हे तिला माहीत असतं. तरी बाईचं नाव लावायचीही तिकडच्यांची तयारी नाही, हे तिला मागासलेपणाच वाटतं.

एक गोष्ट मात्र कुणी बोललं नाही. त्याच 5 नोव्हेंबरला मिशिगनमधून श्री ठाणेदार पुन्हा अमेरिकेच्या प्रतिनिधिगृहात निवडून आले. जन्म चिकोडीचा, वाढले बेळगावात. सीमाभागातला मराठी माणूस डेट्रॉइटचा खासदार आहे आणि त्यानं एप्रिल 2025 मध्ये ट्रम्प यांच्यावर महाभियोगाचा ठराव दाखल केला, ही गोष्ट आमच्या कट्ट्यांवर तात्याच्या एका विनोदाइतकीही फिरली नाही. आपला माणूस म्हणजे आपल्या पुढाऱ्याचा माणूस, अशी सवय लागल्यावर असंच होणार.

चेष्टा अशी जानेवारी 2025 पर्यंत चालली. फेब्रुवारीच्या 5 तारखेला अमेरिकेचं लष्करी विमान 104 भारतीयांना घेऊन अमृतसरला उतरलं. त्यात तिघे महाराष्ट्रातले होते. हातापायांत बेड्या घातलेली माणसं टीव्हीवर दिसली आणि मग तात्यावरच्या विनोदांची धार कमी झाली.

पुढची गोष्ट डाळिंबाची, आणि ती जरा सावकाश सांगायला हवी.

इंदापूरचा बाजार डाळिंबासाठी नावाजलेला. सकाळी क्रेटच्या रांगा लागतात. वरचं फळ सगळ्यांचं लालबुंद असतं, व्यापारी हात खाली घालून तळाचं फळ काढतो. बोटानं टिचकी मारतो, देठाजवळची चांदणी बघतो, तेल्या रोगाचा काळा ठिपका दिसला की क्रेट बाजूला. शेतकरी त्या बोटांकडे बघत उभा असतो. वर्षभराची छाटणी, पानगळ, फवारण्या, पोरासारखी जपलेली बाग, आणि भाव ठरतो त्या काही क्षणांत. या बाजारातलं फळ देशात खपतं, आखातात जातं, युरोपात जातं. अमेरिका मात्र वर्षानुवर्षं बंद होती. कीड येईल म्हणून.

ती वाट हळूहळू उघडली. ऑगस्ट 2023 मध्ये भगव्या डाळिंबाचा पहिला प्रायोगिक माल विमानानं गेला. मग फेब्रुवारी 2025 मध्ये पहिल्यांदा बोटीनं: 4,620 खोकी, म्हणजे साधारण 14 टन, तीन-तीन किलोच्या हिशेबानं भरलेली. आधी वाशीला राज्य पणन मंडळाच्या केंद्रात विकिरण प्रक्रिया, अमेरिकन शेती खात्याच्या अटींनुसार. मग शीतपेटीतून समुद्र. पाच आठवड्यांनी, मार्चमध्ये, न्यूयॉर्कला माल उतरला तो चांगल्या अवस्थेत. या बातमीचं मोल शहरातल्या वाचकाला कळणार नाही. विमानाचं भाडं फळाच्या किमतीला गिळतं, बोटीचं परवडतं. शिवाय कॅलिफोर्नियाचं स्वतःचं डाळिंब हिवाळ्यात संपतं आणि आपला मृग नि हस्त बहार त्यानंतर पोचू शकतो. जमीन हलकी, पाणी बेताचं असलेल्या या पट्ट्यात ऊस सोडून दुसरं काही धरायचं तर हीच एक आशा. न्यूयॉर्कला माल पोचला तो महिना मार्च, आणि 2 एप्रिलला ट्रम्प हातात तक्ता घेऊन उभे राहिले. भारतापुढे आकडा होता 26 टक्के. आठवडाभरात त्याला स्थगिती मिळाली, 10 टक्के राहिले. 7 ऑगस्ट 2025 पासून 25. रशियाचं तेल घेतल्याबद्दल आणखी 25, ते 27 ऑगस्टपासून. तेव्हा एकूण 50 टक्के झाले. अमेरिकेला डाळिंब पाठवू शकणाऱ्या पेरू आणि चिलीवर मात्र तेव्हा 10 होते.

आयात शुल्क कोण भरतं, यावर अमेरिकेतले अर्थतज्ज्ञ भांडत आहेत. इंदापूरच्या बाजारात त्यावर दुमत नाही. पट्टीवर हमाली, तोलाई, गाडीभाडं काय काय लावलेलं असतं आणि ते सरतेशेवटी कुणाच्या पदरातून जातं, हे ज्यानं आयुष्यभर पाहिलं त्याला न्यूयॉर्कच्या बंदरातल्या 50 टक्क्यांचं नवल वाटलं नाही. तिकडचा आयातदार निर्यातदाराचा भाव पाडणार, निर्यातदार बागेवर येऊन शेतकऱ्याचा. खरं सांगायचं तर या तालुक्यातून अमेरिकेला जाणारं डाळिंब आज फार नाही, त्यामुळे खिशातून गेलेला पैसाही फार नाही. गेली ती वाट. दोन-तीन वर्षं चाचणी करून, कागद पूर्ण करून उघडलेली वाट. आणि कागदाचं म्हणाल तर मे 2025 मध्ये आंब्याच्या 15 खेपा नोंदींतल्या त्रुटीवरून अमेरिकेनं विमानतळांवर अडवल्या आणि निर्यातदारांना तो माल तिथेच नष्ट करावा लागला. डाळिंबवाल्यांनी ती बातमी नीट वाचली होती.

साखरेचं मात्र इथे कुणाला काही वाटलं नाही आणि ते बरोबरच आहे. सवलतीच्या कोट्यात भारतातून अमेरिकेला जाणारी साखर वर्षाला साडेआठ हजार टनांच्या आसपास. रोज आठ हजार टन ऊस गाळणारा कारखाना दहा टक्के उताऱ्यानं तेवढी साखर अकरा दिवसांत काढतो.

दुधाचं तसं नाही. पहाटे सहाला संकलन केंद्रावर जा. किटल्या ओळीनं ठेवलेल्या, मोटारसायकलींचे स्टँड लागलेले. पोरगा कपभर दूध यंत्राखाली धरतो, पडद्यावर फॅट आणि एसएनएफ उमटतात, साडेतीन-साडेआठच्या खाली आलं की भाव कापला. चिठ्ठी फाडली जाते आणि बाई ती पदराला बांधते. या चिठ्ठीवरच्या दहा पैशांसाठी इथे रस्ते अडवले जातात. अमेरिकेला भारताशी व्यापार करारात दूध आणि मका आणायचा आहे, ही बातमी आली तेव्हा पहिल्यांदा हसणं पूर्ण थांबलं. तिकडच्या गाईंना प्राण्यांपासून केलेलं खाद्यही घालतात आणि भारत तसं दूध घेत नाही, एवढं सगळ्यांना पाठ झालं. पण त्यामागचं गणित जास्त भीतीचं आहे. दूध भुकटीवर आपल्याकडे 60 टक्क्यांपर्यंत आयात शुल्क आहे. ते उतरलं की बाहेरची स्वस्त भुकटी इकडच्या दुधाचा भाव ठरवणार. 7 ऑगस्टला पंतप्रधानांनी शेतकरी, पशुपालक आणि मच्छिमार यांच्या हिताशी तडजोड करणार नाही असं सांगितलं, ते या केंद्रांवर लक्ष देऊन ऐकलं गेलं, कुठल्याही पक्षाचा माणूस असो.

मक्याचंही तेच. अमेरिकेचे वाणिज्यमंत्री हॉवर्ड लुटनिक सप्टेंबर 2025 मध्ये कुरकुरले की 140 कोटी लोकांचा देश आमचा एक बुशेल मका घेत नाही. बुशेल म्हणजे मक्याच्या बाबतीत 25.4 किलो. तेव्हा तिकडे बुशेलला चार डॉलरच्या वर थोडं मिळत होतं, म्हणजे आपल्या हिशेबानं क्विंटलला चौदाशे-साडेचौदाशे रुपये, वाहतूक वेगळी. आपला हमीभाव 2025-26 मध्ये 2,400 होता. मुरघासासाठी, कोंबडीखाद्यासाठी मका करणारा शेतकरी हे दोन आकडे शेजारी ठेवतो आणि त्यानंतर त्याला कुणी काही समजावायची गरज पडत नाही.

यातला एक धागा गमतीचा आहे. बारामतीच्या औद्योगिक वसाहतीत चीज आणि दूध भुकटी करणारी जी मोठी डेअरी आहे तिची मालकी श्रायबर फूड्सकडे, आणि या कंपनीचं मुख्यालय विस्कॉन्सिन राज्यातल्या ग्रीन बेला. 2024 मध्ये ज्या सात राज्यांवर अमेरिकेची निवडणूक फिरली त्यांतलं हे एक. तिथे ट्रम्प 30 हजारांहून कमी मतांनी पुढे राहिले. इंदापुरात मामा 19 हजारांवर मतांनी निवडून आले आणि पुढे, 2025 मध्ये, राज्याचे कृषिमंत्रीही झाले. विस्कॉन्सिनच्या दूध उत्पादकानं ट्रम्पना मत दिलं ते आपल्या दुधाला बाजार मिळावा म्हणून, आणि तो बाजार म्हणजे इंदापूरच्या दूध उत्पादकाचं घर.

जुन्या माणसांना यात नवीन काहीच दिसत नाही. 1972 चा दुष्काळ ज्यांनी पाहिला त्यांना अमेरिका पहिल्यांदा भेटली ती रेशनवर: लाल मिलो ज्वारी. भाकरी थापली तर फुटायची, जनावरंही तोंड फिरवायची, असं सांगतात. पण पाझर तलावाच्या नि रस्त्याच्या कामावर खडी फोडून आल्यावर तीच खावी लागे. त्याआधी साठच्या दशकात लिंडन जॉन्सन यांनी भारताला गहू महिन्या-महिन्याच्या हप्त्यानं सोडला, धोरण बदला म्हणून दबाव ठेवला. व्हाइट हाउसमध्ये कोण बसलाय यावर आपल्या ताटात काय पडतं हे ठरायचा तो काळ होता. बांधावर माजलेलं गाजर गवत, ज्याला आम्ही काँग्रेस गवत म्हणतो, तेही अमेरिकेच्या गव्हातूनच आलं असं ही मंडळी खात्रीनं सांगतात. आता आपणच माल पाठवणारे झालो आणि दार त्यांनी लावलं. पिढी बदलली, देणारा-घेणारा बदलला, ठरवणारा तोच राहिला.

पोरांचं थोडक्यात. शेत गहाण ठेवून किंवा मोठं शैक्षणिक कर्ज काढून मुलगा अमेरिकेत एमएसला पाठवलेली घरं आता या भागातही आहेत. मे 2025 च्या अखेरीस विद्यार्थी व्हिसाच्या नव्या मुलाखती काही आठवडे थांबल्या. 19 सप्टेंबरला नव्या एच-वन-बी नोकरी व्हिसाच्या अर्जावर एक लाख डॉलरचं शुल्क जाहीर झालं, म्हणजे सुमारे 88 लाख रुपये. त्या आठवड्यात अशा घरांतल्या बापांनी फोनवर मुलाला विचारलेला प्रश्न एकच होता, परत येतोस का. मुलांनी काय उत्तर दिलं ते त्यांच्या घरात राहू द्या.

एवढं सगळं झाल्यावरही तात्या हे नाव गेलेलं नाही. लोक अजून तसंच म्हणतात, फक्त आता त्यात चिडलेपण आहे, जसं वाटणीत बांध कोरणाऱ्या सख्ख्या चुलत्याबद्दल असतं. याला मी गावाचं अज्ञान मानत नाही. कोणत्या निकालानं आपलं काय जाणार हे डाळिंबवाल्यानं आणि दूधवाल्यानं बातम्या वाचून स्वतःच शोधून काढलं. तालुक्यात कृषी खातं आहे, पणन मंडळ आहे, दूध संघ आहेत, बारामतीला कृषी विज्ञान केंद्र आहे. उसाला कृत्रिम बुद्धिमत्ता लावण्यापर्यंत मजल गेली आहे. मग अमेरिकेचं शुल्क बदललं की आपल्या बहराचं नियोजन कसं बदलायचं, कोणत्या बाजारासाठी किती फळ धरायचं, हे सांगायला गावात एक बैठक व्हायला काय हरकत आहे? बहर धरायच्या आधी, भाव पडल्यावर नव्हे.

अमेरिकेच्या प्रतिनिधिगृहाच्या सर्व 435 जागांसाठी पुढचं मतदान 3 नोव्हेंबर 2026 ला आहे, तेही मंगळवारी. त्यानंतर पाचच दिवसांनी आपलं लक्ष्मीपूजन, आणि मृग बहाराचं फळ त्या वेळी झाडावर असेल.